रायमुनियाचा वाघ

उमरेड रोडवरच्या जंगलाचा जो तुकडा वनरक्षक श्वेताच्या ताब्यात होता, तिथं दोन वर्षांपूर्वी जमीन दिसत नव्हती. सगळीकडे रायमुनिया. सरकारी कागदावर तिला लँटाना म्हणतात, पण कुठल्याही नावानं हाक मारली तरी ती हटत नाही. साहेबांनी शब्द दिला होता: तपासणीत एकही झुडूप दिसलं नाही, की बदलीच्या अर्जावर सही. बदली नागपुरात, प्रताप नगरातल्या घराजवळ. घरी श्वेताची मुलगी होती. ती हल्ली आईला ‘रविवारची मम्मी’ म्हणायची.

रायमुनिया संपली. उपटलेल्या काड्यांचा गेटवर वाघ करा, असं साहेबच म्हणाले. वनमजूर कवडू विणकराच्या घरचा. त्यानं वाघ विणला आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून चारही पाय जमिनीत गाडले. खरा वाघ दिसत नसल्यामुळे पर्यटक याच्यासोबतच फोटो काढून परत जात.

पावसाळ्यात वाघाला पालवी फुटली.

“काड्या जराशा ओल्या होत्या म्याडम,” कवडू म्हणाला.

“हे आता सांगून राहिले तुम्ही?”

“मले वाटलं वाळून जाईन. पण कानावर फुलं आली पाहा. चांगला दिसून राहिला तसा.”

“कवडूभाऊ, उद्या तपासणी आहे. पूर्ण जंगलात एकच रायमुनिया उरली अन् ती गेटवर उभी आहे.”

“वाघाले कुऱ्हाड लावली म्हणून गावात कळलं तं बायको मले जेवाले नाही वाढणार.”

रायमुनिया काढायची रीत दोघांना पाठ होती. मुळासकट उपटायची आणि मुळं आभाळाकडे करून ठेवायची, म्हणजे पुन्हा फुटत नाही. त्यांनी वाघ उपटला आणि उताणा निजवला. चारही पाय वर.

सकाळी पहिल्या जिप्सीतल्या लोकांनी लांबूनच फोटो काढला. थोड्याच वेळात तो सगळ्या ग्रुपवर होता: वाघाचा मृत्यू. श्वेताच्या सासूचाही फोन आला. “कशानं गेला वं?”

साहेब डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी हातमोजे घालून वाघाचं पोट दाबलं आणि म्हणाले, “आतून पोकळ आहे.” साहेब जंगल फिरून आले.

“एकही झुडूप नाही. शाब्बास.”

“मग बदली, सर?”

“हद्दीत वाघ मेला की चौकशी संपेपर्यंत बदली थांबते.”

“सर, तो काड्यांचा आहे. तुम्हीच करायला लावला.”

“मला माहीत आहे. पण वरून विचारणा वाघाची आली. काड्यांचा होता हे चौकशीत निघेल.”

“तवर याले खडकावर ठेवू का साहेब?” कवडूनं विचारलं. “पाठ मातीले लागून राहिली.”

“मृतदेह हलवता येत नाही. चौकशी होईपर्यंत इथंच राखण करा.”

चौकशी अधिकारी श्रावणात आले. तोवर पाठीला मुळं सुटली होती आणि चारही पायांना कोवळी पानं आली होती. वाघ काड्यांचा होता असं लिहिलं, तर इतके दिवस राखण कशाची केली, हा प्रश्न आला असता. त्यांनी लिहिलं: वाघ जिवंत. प्रकृतीत सुधारणा.

“आणि ही रायमुनिया?” श्वेतानं घाबरत विचारलं.

“कुठली?” साहेब म्हणाले. “हा तर वाघ आहे.” आणि अर्जावर सही केली.

श्वेता घरी पोचली तेव्हा मुलगी गृहपाठ करत होती. तिनं आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“आज तं मंगळवार आहे,” ती म्हणाली.