रेघाडीने ऐकलेली गोष्ट

मी एक जुनी खडूगाडी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझ्यासारखी गाडी पाहिली असेल, कारण आम्ही बाजारात फारशा खपलोच नाही. म्हणून आधी मी कशी दिसते ते सांगते. एक लांब दांडा, त्याच्या खाली दोन चाके आणि चाकांच्या मागे शेजारी शेजारी पाच नळ्या. प्रत्येक नळीत एक जाड खडू उभा राहतो. दांडा धरून मला ढकलले की खडू जमिनीला टेकतात आणि मागे पाच रंगांच्या रेघा उमटत जातात. निदान माझ्या खोक्यावर तरी तसेच छापले होते.

कारखान्यात एक बाई प्रत्येक गाडी सिमेंटच्या जमिनीवर ढकलून बघत असे. माझी पाळी आली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "ही जरा डावीकडे ओढते गं. चालेल. मुलं तरी कुठे सरळ चालतात!" एवढ्या बोलण्यावर मी पास झाले.

दुकानात मला दर्शनी काचेत ठेवले. लोक थांबत, "काय काय काढतील, नेम नाही" असे कौतुकाने म्हणत आणि आत जाऊन चेंडू विकत घेत. कौतुकाने पोट भरत नाही, तसे कौतुकाने दुकानही चालत नाही. हळूहळू मी काचेतून फळीवर आणि फळीवरून कोपऱ्यात आले.

तिथून मला उचलले ते एका उंच, सडपातळ बाईने. ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासायचे काम करत असे. तिच्या बोटांच्या टोकांना कायम पांढरी भुकटी लागलेली असायची.

"लहान मुलांना हे आवडतं का हो?" तिने दुकानदाराला विचारले.

"किती लहान?"

"मुलगी सहा वर्षांची. मुलगा तीनचा. माझ्या भावाची आहेत." मग ती जरा घुटमळली. "हसतील का ती?"

दुकानदार खोके बांधता बांधता थांबला. "बाई, चाकांची हमी देतो. हसण्याची कशी देऊ?"

ही बाई म्हणजे आत्या. तिचे लग्न झालेले नव्हते. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि एकटेपणाची तिला काही तक्रार नव्हती. पण तिची भावजय आजारपणात गेली. भावाची नोकरी दूरगावची, आज इथे तर उद्या तिथे. मुलांना तो तिच्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस सांभाळ. माझं बस्तान बसलं की नेतो."

मुलगी घरात आल्या आल्या गॅस बंद आहे ना, दाराला कडी आहे ना, हे तपासू लागली. धाकट्या भावाचे पांघरूण ती रात्रीतून कितीदा तरी सारखे करायची. म्हणून आत्या तिला आजीबाई म्हणू लागली. तिचा हा धाकटा भाऊ गोल गरगरीत होता. तो ढब्बू. आई गेल्यापासून ढब्बू एक अक्षर बोलला नव्हता. आत्याला नाजूक काच कशी धरायची ते ठाऊक होते. मुले कशी धरायची, ते तिला कोणी शिकवलेले नव्हते.

सुट्टीच्या सकाळी ती मला घेऊन फुटपाथवर आली. मुले पायरीवर बसून राहिली. आत्याने चष्मा नाकावर सरकवून खोक्यावरच्या सूचना वाचल्या, पाचही खडू नळ्यांत घातले आणि मला उचलले. पाचही खडू खालून गळून पडले. तिने ते पुन्हा घातले. यावेळी तिने मला ढकलले, तर दोन खडू फरशीच्या फटीत अडकून कटकन मोडले.

"जरा जोर लावायला हवा," आत्या स्वतःशीच म्हणाली. तिने दांडा घट्ट धरला आणि ती चक्क धावत सुटली. मी डावीकडे ओढते हे तिला बिचारीला कुठे माहीत! मी वळले, तिचा पाय तुटक्या खडूवर पडला आणि आत्या फतकल मारून फुटपाथवर बसली. चष्मा एका कानाला लोंबत होता. स्कर्टवर हिरवा, पिवळा, गुलाबी असे पट्टे उठले होते.

मग पायरीवरून आवाज आला. आधी उचकीसारखा, मग खळखळून. ढब्बू हसत होता.

"पुन्हा पड," तो म्हणाला.

आजीबाईने दचकून भावाकडे पाहिले. आत्याचे डोळे भरून आले. पण ती रडत बसली नाही. उठली, मागे गेली, धावली आणि पुन्हा पडली. त्या सकाळी ती इतक्यांदा पडली की नंतर आठवडाभर दुकानात तिला स्टुलावर नीट बसता येत नव्हते. शेवटी आजीबाईच उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुला जमत नाही आत्या. दे इकडे." आणि तिने मला डावा हात सैल, उजवा घट्ट असे धरून सरळ नेले.

त्या दिवशी ढब्बूने माझे नाव ठेवले. रेघ आणि गाडी, मिळून रेघाडी.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत मी रोज रेघा ओढत जायची. आजीबाईचे नियम कडक. तांबड्या रेघेवर फक्त तिने चालायचे, निळीवर ढब्बूने, आणि आत्याने कडेकडेने, "कारण तू पडतेस." माझे चाक निखळले तेव्हा आत्याने दुकानातून चष्म्याचा चिमुकला स्क्रू आणून ते बसवले. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला पहिल्यांदा ओरडला, "माझ्या दारात हा काय रंगपसारा?" महिनाभराने तोच ढब्बूला हळूच विचारत होता, "का रे, आज रेघा माझ्या दारापर्यंत का नाही आल्या?"

एकदा हात धुताना ढब्बूच्या तोंडून "आई, टॉवेल" असे निघून गेले. आजीबाईने लगेच दुरुस्त केले, "आत्या म्हण." आत्याने नळ उगीचच मोठा सोडला आणि पाठ करून बराच वेळ आपले स्वच्छ हात धूत राहिली.

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षे झाली. भाऊ फोन करायचा, अधूनमधून येऊन जायचा. मग एका दुपारी तो आला तो नव्या बायकोला घेऊन. त्याला पक्की नोकरी मिळाली होती, घर झाले होते. ती बाई वाईट नव्हती. वाईट असती तर गोष्ट सोपी झाली असती. तिने मुलांसाठी मोजे आणले होते आणि ते लहान पडले तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "मला माप माहीत नव्हतं. आता शिकेन."

पण आजीबाईने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली ती सोडेना. "आत्या, तू नाही म्हण. तू नाही म्हटलंस की बाबा ऐकतात."

"बघते," आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात आली. मागोमाग भाऊ आणि त्याची बायको आली. मी दाराआड उभी होते. माझी जागाच ती होती. म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

भाऊ म्हणाला, "ताई, मला तिला ओढून न्यायचं नाहीये. पण किती दिवस लांबवायचं? माझीच मुलं मला पाहुण्यासारखी बघतात."

"हवं तर अजून थोडे दिवस राहू देत, ताई," त्याची बायको म्हणाली.

"नको." आत्याचा आवाज काच तडकावी तसा आला. "तुमचं खरं आहे. मुलं बापाजवळच वाढायला हवीत. आज नाही तर उद्या जायचंच आहे. पण ही माझ्यासाठी झुरत गेली, तर तिकडे रुजायची नाही. रोज खिडकीत उभी राहील." ती थांबली. "माझ्यावर चिडून गेली, तर निदान मागे वळून बघणार नाही. पोरांचा राग काय, दोन दिवसांचा. मी सांगते तिला."

तिने तोंडावर पाणी मारले, पुसले आणि ती बाहेर गेली. दाराच्या फटीतून मला दोघी दिसत होत्या.

"हे बघ आजीबाई, मी थकले आता. दुकानातून आलं की तुमचं जेवण, तुमचे कपडे, तुमचा अभ्यास. माझा जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही गेलात की मला जरा निवांतपणा मिळेल."

आजीबाईने तिच्या तोंडाकडे पाहिले. "खरं सांगतेस?"

"खोटं कशाला सांगू?"

आजीबाईचे हात कडीवरून खाली आले. ती रडली नाही. तिने आपले बूट आपणच घातले, ढब्बूचेही घातले. ढब्बू "माझी रेघाडी" म्हणत आत धावला आणि मला ओढत दारापर्यंत घेऊन आला. आजीबाईने माझा दांडा धरला. "ती आपली नाही. तिने विकत आणली आहे. राहू दे." त्या ओढाओढीत माझी एक नळी तडकली. ढब्बू भोकाड पसरून रडत बाबांच्या गाडीत बसला. आजीबाई समोर बघत बसली. आत्याला वाटले होते तसेच झाले. तिने मागे वळून बघितले नाही.

गाडी गेल्यावर आत्याने मला उचलून दाराआड ठेवले आणि माझ्याजवळच जमिनीवर बसली. "माझी पोरं," ती म्हणाली. "माझी पोरं गेली." ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

थोड्या वेळाने दार वाजले. इस्त्रीवाला उभा होता. त्याच्या हातावर दोन छोटे गणवेश होते, कडक घड्या घातलेले. "उद्याची शाळा ना? म्हटलं, संध्याकाळ व्हायच्या आत देऊन टाकावेत."

"बरं झालं आणलेत," आत्या म्हणाली आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतले.

पुढे दर आठवड्याला ती फोन करायची. सुरुवातीला ढब्बू भरभरून बोलायचा. मग मागून "अरे, बोल ना आत्याशी" असे ऐकू यायला लागले. आजीबाई फोनवर कधीच आली नाही. "अभ्यास करतेय," "झोपलीये," "बाहेर गेलीये." पोरांचा राग दोन दिवसांचा असतो, असे आत्या म्हणाली होती. मित्रांनो, आत्याचा हिशेब चुकला. एका दुपारी पेरलेला तो राग वर्षानुवर्षे वाढतच गेला. माझ्या नळ्यांतले खडू दमट हवेने फुगून घट्ट बसले. माझ्यावर कोळ्याने जाळे विणले. मला त्याचे वाईट वाटले नाही. वाट पाहणाऱ्या घरात धूळ साचायचीच.

परवा, म्हणजे इतक्या वर्षांनी, भाऊ कामानिमित्त या गावात आला. ढब्बू धावत आत शिरला. आता तो गोल राहिलेला नाही, आत्याच्या खांद्याला लागतो. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि मला हातात घेऊन बाहेर आला.

"आत्या, हे काय आहे? फरशी पुसायचं?"

आत्याने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर कुतूहल होते, दुसरे काही नव्हते. चार-पाच वर्षांच्या मुलाला काय आठवणार! त्याचा दोष नाही.

"हो," आत्या हसून म्हणाली. "तसंच काहीतरी." तिने मला त्याच्या हातून घेतले. "तुझी ताई नाही आली?"

"आलीये ना. गाडीत बसलीये. तिचं डोकं दुखतंय."

मला खाली ठेवायचेसुद्धा आत्याच्या लक्षात राहिले नाही. माझ्यासकट ती फुटपाथवर आली. गाडीची काच खाली झाली. आत आजीबाई होती. लांब वेणी, उंच कपाळ आणि नाकावर चष्मा. आत्याचे डोळे आधी त्या चष्म्यावर गेले. ही भिंगे दुसऱ्याच कोणीतरी घासली होती.

"कशी आहेस, बाळा?"

"बरी आहे," आजीबाई म्हणाली. "तुम्ही कशा आहात?"

तुम्ही. मित्रांनो, ज्या आत्याला ती "तुला जमत नाही, दे इकडे" म्हणायची, त्या आत्याला ती तुम्ही म्हणाली. माझ्या दांड्यावरची आत्याची मूठ आवळली. तिचे ओठ हलले. मला वाटले, आता सांगेल, एकदाचे सांगून टाकेल. पण भाऊ आणि ढब्बू येऊन बसले, गाडी सुरू झाली.

"बरी आहे मी," आत्या म्हणाली. "तू पाणी पीत जा. डोकं त्यानेही दुखतं."

काच वर जाता जाता आजीबाईची नजर माझ्यावर पडली. तिने मला ओळखले. मी शपथेवर सांगते, तिने मला ओळखले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी खेळणी नेहमी तुमच्याकडे काहीतरी मागतात. पुसून ठेवा, फेकू नका, असे. मी तसे काही मागत नाही. मी एवढेच सांगते, की मोठी माणसे कधी कधी तुमच्या भल्यासाठी खोटे बोलतात आणि मग ते खोटे परत घ्यायला त्यांची जीभ वळत नाही. कोणी तुम्हाला "जा, मला काही वाटत नाही" म्हणाले, तर त्याला थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा विचारा. एकदाच विचारून थांबू नका.

आणि तुमच्यात कुठे माझी आजीबाई असेल, तर तिला माझा निरोप द्या. बाळा, मी दाराआड होते. मी सगळे ऐकले. आत्या खोटे बोलली होती. तिला निवांतपणा नको होता गं, तिला तुम्ही दोघे हवे होतात. ती अजून त्याच घरात राहते. एकदा ये, आणि तिला तू म्हण.