सावरायचं कुणी

डॉटने रंगमंचावरच्या खोट्या चुलीवर किटली ठेवली आणि पाठमोरी राहूनच विचारलं,

"चहा टाकू?"

"टाक. पण साखर नको," व्हर्न म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

डॉटचा हात किटलीवर क्षणभर तसाच राहिला. मग ती वळली. "आईच्या बरण्या सापडल्या बरं का तळघरात. सगळ्या रिकाम्या."

व्हर्न चमकला. बरण्या? बरण्या तर पहिल्या अंकातल्या! मध्यंतर होऊन गेलं, लोकांनी कॉफी प्याली, बटर टार्ट खाल्ले, आता भाऊ झालेला व्हर्न बहिणीला, डॉटच्या मार्थाला, घर विकल्याचं सांगणार, आणि ही बाई पुन्हा बरण्यांवर? अशीच मागे जात राहिली, तर नाटक उजाडेपर्यंत संपायचं नाही.

त्याने विंगेकडे पाहिलं. आयरीन मांडीवर संहिता घेऊन बसली होती, पण ती तोंड उघडणार नव्हती. नाटकमंडळीचा नियमच तसा होता. एकदा तिने विंगेतून वाक्य सांगितलं, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या ओल्सेनने, नटाला ऐकू गेलं नसेल म्हणून, तेच वाक्य दुप्पट आवाजात ओरडून सांगितलं. तेव्हापासून पडदा वर गेला की रंगमंचावरच्याने रंगमंचावरच्याला सावरायचं, असं ठरलं होतं.

"लिलावात बरण्यांना कोण विचारतो म्हणा," डॉट त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "घराचं काय ते बोल."

व्हर्नने ती फट पकडली. "घर मी विकलंय, मार्था."

सभागृहात कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. नाटक पुन्हा रुळावर आलं आणि शेवटी टाळ्याही पडल्या. व्हर्नच्या डोक्यातून मात्र बरण्या गेल्या नाहीत.

ही काही पहिली वेळ नव्हती. तालमींतही डॉट मध्येच भलतीकडे जायची, नसलेलं वाक्य घालायची, मग हळूच परत यायची. हल्ली प्रत्येक तालमीआधी ती त्याला फोन करायची. "आज साडेसहाला बरं का, व्हर्न." एवढ्या वर्षांत तिने कधी वेळ विचारली नव्हती की सांगितली नव्हती. बिचारी स्वतःच्याच खात्रीसाठी फोन करत असणार. दिग्दर्शक ग्लेन, जो एरवी कुणाला पाणी विचारायचा नाही, तो आता व्हर्नला आपल्या हाताने कॉफी आणून द्यायचा. डॉटला सांभाळायचं काम व्हर्नवर पडलंय, हे त्यालाही कळलं असावं.

व्हर्नला हे सगळं ओळखीचं होतं, म्हणून तर त्याची झोप उडाली होती. पर्लचं, त्याच्या बायकोचं, असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, आणि एके दिवशी पिएरोगीच्या पाऱ्या लाटता लाटता तिने विचारलं होतं, "तुम्ही कोण?"  आता डॉट! शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, नवरा नाही, मूल नाही, वर्षातून एक नाटक एवढंच तिचं सुख. ग्लेनला सांगितलं तर तिची भूमिका जाणार. नाही सांगितलं तर ती कधीतरी भर प्रयोगात, अख्ख्या गावासमोर, बावरून उभी राहणार. पर्ल चर्चमध्ये राहिली होती तशी.

सांगायचंच, असं ठरवून तो दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या प्रयोगाला सगळ्यांच्या आधी आला. बाहेर उणे तीस अंश. इंजिन गोठू नये म्हणून गाडीचा हीटर खांबावरच्या प्लगला लावून तो मागच्या दाराने आत शिरला. ग्लेनचा पत्ता नव्हता. कपड्यांच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि आतून डॉटचा आवाज येत होता.

"'बाबा गेले तेव्हाच हे घर गेलं, मार्था. आपण नुसते भिंतींना धरून बसलो.'"

व्हर्न थबकला. हे वाक्य डॉटचं नव्हतं. त्याचं होतं.

ती पुढे म्हणत राहिली. त्याचं लांबलचक भाषण, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तिला सगळं येत होतं. तिचं तर येतच होतं, वर त्याचंही.

"पुरे गं," आयरीनचा आवाज आला. "दोघांचं पाठ करायचं म्हणजे काय खाऊ आहे? घसा बसेल तुझा."

"काल थोडक्यात निभावलं, आयरीन. 'चहा टाकू' दोन्ही अंकांत आहे ना, तिथेच घसरतो तो. 'घर मी विकलंय' म्हणायच्या जागी साखर नको म्हणाला, मग मी तरी काय करू? गेले त्याच्या मागोमाग बरण्यांवर. आज पुन्हा तसंच झालं तर सरळ लिलावावर आणीन."

"ग्लेन म्हणतो, त्याला सांगायला हवं."

"खबरदार! हे नाटक होऊ दे. त्याच्या अजून ध्यानात आलेलं नाही."

व्हर्नने भिंतीला हात टेकला. काल आपण काय म्हणालो, ते तो आठवू लागला. घर मी विकलंय, हे नक्की म्हणालो. त्याच्या आधी? किटली आठवत होती, तिचा हात आठवत होता, खुर्ची ओढल्याचा आवाजही आठवत होता. साखर काही केल्या आठवत नव्हती.  पळून जावं, गाडीत बसावं, दारं लावून घ्यावीत, असं त्याला वाटलं.

दार उघडलं आणि डॉट समोर उभी. त्याला बघून तिचा चेहरा उतरला, पण लगेच हसू आलं.

"अगंबाई! इतक्या लवकर? कधी आलास?"

"आत्ताच." तो म्हणाला. "डॉट, काल ते बरण्यांचं... कुणाचं चुकलं गं?"

"माझंच की रे," ती झटकन म्हणाली. "वयच झालं माझं. तू होतास म्हणून निभावलं, नाहीतर माझी काही धडगत नव्हती."

किती गोड, किती सहज बोलली. पर्लशी शेवटची सहा वर्षं व्हर्न अगदी याच आवाजात बोलला होता.

"असू दे," तो म्हणाला. "होतं असं कधीकधी."

मग त्याने नाटकातला कोट चढवला आणि बटणं लावून घेण्यासाठी तिच्यासमोर उभा राहिला.