कौतुकाचा डोस

नेमणुकीचं पत्र सिद्धारामच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली त्याच्या करदोट्याला. विजयमालेला सोमवारी वळसंगच्या शाळेत मास्तरीण म्हणून हजर व्हायचं होतं. मूळ पत्राशिवाय हेडमास्तर आत घेणार नव्हते. नवऱ्याचं एकच पालुपद : आधी डॉक्टर, मग बघू. म्हणून गेले पाच शनिवार ती नव्या पेठेत डॉ. बिराजदारांसमोर बसत होती.

बिराजदार तीन महिने शिकागोला राहून आले होते. परतून दोन वर्षं झाली तरी पुरते आले नव्हते. १९७८ साली नवरा-बायकोला शेजारी बसवून मन तपासणारा हा गावातला एकटाच माणूस. त्यामुळे तो चुकतोय हे सांगायलाही दुसरा कोणी नव्हता. निदान पहिल्याच दिवशी तयार होतं. सिद्धारामचा ‘स्व’ जखमी आहे. लहानपणी आईच्या डोळ्यांत त्याला स्वतःचं कौतुक दिसलं नाही. आता बायकोनं त्याचा आरसा व्हायचं, कौतुक सकाळ-संध्याकाळ.

“आणि माझी नोकरी?”

“आरसा कुठं नोकरीला जातो का, वहिनी?”

विजयमालेनं कौतुक केलं. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी उतरवणाऱ्या माणसाचं हस्ताक्षर दोन दिवसांत संपलं. मग ती त्याच्या आंघोळीचं कौतुक करू लागली. सिद्धाराम फुगला, किल्ली काही सुटली नाही.

सासू काशम्मा दर खेपेला बरोबर यायची आणि बाहेर बाकावर बसायची. नवरा सोबत असला तरी सुनेला असं डॉक्टरकडे धाडायची त्या घरात रीत नव्हती. सहाव्या शनिवारी बिराजदारांचा आवाज जरा चढला आणि काशम्मा दार ढकलून आत आली.

“काय म्हनला? मी लेकराकडं बघितलं न्हाय? धा वर्साचा हुईस्तोवर दर आमुशाला मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या की! ह्याच्या कौतुकापायी दोन पोरींकडं बघायला सवड झाली न्हाय मला!”

“हा नकार... हेही लक्षणच आहे,” बिराजदार म्हणाले. आवाज चिरकला.

“लक्षण तुमचं बघा!”

सिद्धाराम स्वतःची कीर्ती ऐकत छताकडे बघत होता. विजयमाला मात्र डॉक्टरच्या तोंडाकडे बघत राहिली. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं; कौतुकाशिवाय चहा समोर ठेवला की घरी सिद्धारामचं असंच व्हायचं.

“आत्याबाई, थांबा जरा,” ती म्हणाली. “डॉक्टरसाहेब, आमच्या संसारात इतकं खोल कुणीच बघितलं नव्हतं. पुण्या-मुंबईत तरी असा माणूस असेल का?”

“मुंबईत एक आहेत,” बिराजदार ताठ बसले, “पण त्यांचं वाचन जुनं.”

“मलाही ‘स्व’ आहे, हे तुमच्यामुळं कळलं. तोही जखमीच ना?”

हे बिराजदारांच्या डोक्यात तोवर आलेलंच नव्हतं. आलं ते त्यांचंच होऊन आलं.

“अर्थात! मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय! सिद्धाराम, पत्र देऊन टाका. हा उपचाराचा भाग आहे.”

शिकागोच्या उपचाराला नाही म्हणण्याची सिद्धारामची छाती नव्हती. घरी येऊन त्यानं कपाट उघडलं आणि पत्र छातीशी धरून उभा राहिला.

“त्या डॉक्टरचं एवढं कौतुक केलंस. मला काय?”

विजयमालेनं पत्र ओढून घेतलं, शिक्का बघितला, तारीख बघितली.

“सोमवारी सकाळची एस.टी. किती वाजता, तेवढं बघून या.”

तो गेला. परत आल्यावर त्यानं वेळ तीनदा सांगितली. तिनं पहिल्या वेळीच लिहून घेतली होती.