वहिनीच्या हातातला दोर

मी एक दोर बोलतोय. विहिरीचा नव्हे, झोपाळ्याचाही नव्हे, कडा चढणाऱ्यांचा. कारखान्यात पांढऱ्या धाग्यांवर निळी वीण चढवून मला तयार केलं आणि एका नवरा-बायकोनं हौसेनं घरी आणलं.

वस्तीबाहेर तीन मजली घराएवढा कडा होता. सुट्टी आली की आम्ही तिथं. माथ्यावरच्या लोखंडी कडीतून मला ओवायचं. एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं तिच्या हातात. ती परिचारिका होती. बोलणं बेताचं, पण पकड पक्की.

मग तो आजारी पडला आणि गेला. मला माळ्यावर टाकलं. आठवण जपायची म्हणून माणसं ती नजरेआड ठेवतात, हे मला तिथं कळलं.

त्याची धाकटी बहीण शिवणकाम करायची. एकदा माळ्यावरची गादी काढताना मी तिच्या हाती लागलो.

"वहिनी, मला ने ना त्या कड्यावर."

"तुला स्टुलावर चढलं तरी घेरी येते!"

"येऊ दे. पण तू अशी घरात कोंडून बसलेली मला बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं मला मांडीवर घेऊन वीतवीत चाचपलं.

कड्यावर नणंद अर्ध्यापर्यंत पोचली आणि तिनं खाली बघितलं.

"वहिनी, सोडू नकोस गं!"

"सोडायला आणलंय का तुला?"

एवढ्यात तिचा पाय निसटला. ती बाजूला झोकांडली आणि मी दगडाच्या धारेवर खसकन घासलो. वीण फाटली. वहिनीचा हात तसूभर ढळला नाही. तिनं नणंदेला अलगद खाली आणलं.

मला गुंडाळताना तिच्या बोटांना माझी जखम लागली. आतले पांढरे धागे बघून तिचा चेहराच उतरला.

"दादाचा होता," नणंद रडवेली झाली. "माझ्यामुळं वाया गेला."

"दोर बाजारात मिळतो गं. नणंद कुठून आणू?" म्हणत वहिनीनं तिला पोटाशी धरलं. कितीतरी दिवसांनी वहिनी रडली.

आता मी कोपऱ्यात पडलोय. माझ्यावर पुन्हा कुणाचा जीव टांगू नका, एवढंच मागणं. शेजारी नवा दोर आलाय. या सुट्टीला वर चढणार वहिनी आणि खालचं टोक धरणार नणंद.

त्याला मी सांगून ठेवलंय: बाबा रे, नणंद नवशिकी आहे. तिचे हात घाबरतील. तू घाबरू नकोस.