पणभाऊ

“पण बाई, हे आत्ता कापायचं नसतं!”

कात्री उघडीच धरून पणभाऊ हिरवळीच्या मधोमध उभे होते. समोर पायरीवर घरच्या बाई, अंगावर शाल, हातांची घडी. बाजूला खिडकीला टेकलेलं ते झुडूप. थंडीने पानं झडून गेलेली, नुसत्या काड्या उरलेल्या.

“मला ते उतरवून हवंय,” बाई म्हणाल्या. “गुडघ्याएवढं ठेवा.”

“गुडघ्याएवढं? पण…”

या ‘पण’वरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. खरं नाव कंपनीच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच पडून होतं. लोकांच्या घरची हिरवळ, झाडं-झुडपं यांची ऋतूप्रमाणे निगा राखणारी ती कंपनी, आणि तिच्यात राबता राबता पणभाऊंचे केस पिकले होते. गिऱ्हाईक काही म्हणालं की यांचा ‘पण’ तयार. गवत एवढं बारीक नको, पण मुळं भाजतील. इथे फवारा नको, पण मधमाश्या येतात. निम्म्या वेळा ते बरोबर असत, आणि उरलेल्या निम्म्या वेळाही तितक्याच जोरात बोलत. त्यामुळे कधी बरोबर आहेत हे ओळखायचा सगळ्यांनाच कंटाळा येई.

आजचा दिवस तर सकाळपासूनच डोक्यात जाणारा होता. पहिल्या घरी मालकांना कुंपणाची झाडं टेबलासारखी सपाट हवी होती, शेजाऱ्यांची तशी होती म्हणून. दुसऱ्या घरी बाईंनी हिरवळीतला पिवळा डाग दाखवून कंपनीच्या खताला शिव्या घातल्या. बाईंचा कुत्रा तेव्हाच त्या डागापाशी येऊन पाय वर करून उभा राहिला. पणभाऊंनी नुसतं बोट दाखवलं, तर बाई म्हणाल्या, “त्याला कशाला मध्ये आणता?” त्यात नव्या सुपरवायझरने सगळ्यांना विजेच्या कात्र्या दिलेल्या. झुडूप कुठलंही असो, गोल चेंडू करायचा आणि पुढच्या घरी पळायचं. पणभाऊंनी आपली जुनी हातकात्री सोडली नव्हती, म्हणून त्यांचं काम मागे पडे आणि त्यावरून रोज बोलणी खावी लागत.

या एका घरी मात्र ते दरवर्षी उत्साहाने येत. त्याला कारण बाईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं, आणि डोळ्याला भिंग लावायच्या सवयीने ते काड्यांवरच्या कळ्यासुद्धा एक डोळा मिटून बघायचे. हे झुडूप त्यांनीच लावलेलं. पणभाऊंशी ते तासन्‌तास वाद घालत, पाणी किती, खत कुठलं, आणि मनापासून घालत. थंडी सरली आणि पहिलं पांढरं फूल उघडलं, की भल्या सकाळी पणभाऊंचा फोन वाजे. “उमललं हो!” एवढंच. पुढे काही नाही.

पणभाऊंना येणारे बाकीचे सगळे फोन तक्रारीचे. अमुक वाळलं, तमुक कापायचं राहिलं. हा एकच फोन वर्षभर पुरायचा.

गेल्या साली पानगळ सुरू झाली आणि घड्याळवाले गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. पणभाऊ भेटायला आले होते, पण दाराशी चपलांची गर्दी बघून तसेच मागे फिरले. फोन येणार नाही हे तेव्हाच कळलं होतं. तरी फुलं तर येतील, कामाला आलो की दिसतील, एवढा आधार होता. आणि आता तीही जाणार होती.

“बाई, नीट ऐका,” त्यांनी एक काडी खाली वाकवली. “हे बघा, हे फुगीर. या कळ्या आहेत. हे झुडूप गेल्या वर्षीच्या काडीवर फुलतं. आत्ता उतरवलंत तर यंदा एक फूल दिसायचं नाही. फुलं होऊन जाऊ देत, मग हवं तेवढं कापतो. पण आत्ता नको.”

“आत्ताच हवंय.”

पणभाऊंनी चिडून सुपरवायझरला फोन लावला. तो गाडी चालवत असावा, मागे भोंगे वाजत होते.

“तुमचं काय चाललंय?” तो ओरडला. “अजून तिथेच? बाई म्हणतात तसं करा ना!”

“पण साहेब, कळ्या धरल्यात…”

“पण नाही नि बिण नाही! झाड त्यांचं, अंगण त्यांचं. तुमच्या बापाचं आहे का?”

फोन बंद झाला. पणभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभराचं सगळं, तो सपाट कुंपणवाला, तो कुत्रा, ते चेंडू, आणि वर हा काल आलेला पोरगा बाप काढतो, सगळं एकदम उसळून आलं, आणि राग काढायला समोर बाईच होत्या.

“कापतो!” ते म्हणाले. “सगळ्यांना सगळं गुळगुळीत हवंय. कुणाला काही कळून घ्यायचं नाही. त्या माणसाने पोराबाळासारखं वाढवलं हे. ते असते ना बाई, तर मला हात लावू दिला नसता! त्यांना जाऊन चार महिने नाही झाले, आणि तुम्ही…”

मग त्यांनी जीभ चावली. फार उशिरा चावली.

बाई रागावल्या नाहीत. पायरी उतरून झुडपाशी आल्या आणि त्यांनी ती वाकवलेली काडी हातात घेतली.

“या कळ्या मला कळत नाहीत असं वाटलं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकतेय. जुन्या काडीवर फुलतं, आत्ता कापलं की यंदा नाही. पाठ आहे मला. म्हणून तर आत्ता बोलावलं.”



“ही खिडकी आमच्या खोलीची,” बाई म्हणाल्या. “पहिलं फूल आलं की ते मला हलवून उठवायचे. मी वैतागायचे. म्हणायचे, अहो, झोपू द्या, फूल काय पळून जातंय का? मग ते तुम्हाला फोन करायचे. मी ऐकत नाही म्हणून तुम्हाला.” त्यांनी काडी सोडून दिली. “यंदा वास आत येईल आणि मी जागी होईन. पुढे काय करू, सांगा.”

 आयुष्यात पहिल्यांदाच पणभाऊंजवळ ‘पण’ नव्हता.

“उपटून टाका म्हणत नाही मी,” बाई म्हणाल्या. “तेवढा जीव होत नाही. एक वर्ष गप्प राहू दे त्याला. पुढच्या साली फुलू दे की हवं तेवढं.”

“गुडघ्याएवढं ना?” पणभाऊंनी विचारलं.

“हो.”

बाई आत गेल्या आणि खिडकीचा पडदा ओढला गेला. मघाशी बोललेलं सगळं परत गिळता आलं असतं तर पणभाऊंनी कात्रीसकट गिळलं असतं. इतकी वर्षं ते झुडपं बघत आले होते आणि घरातल्या माणसांकडे बघायचं राहून गेलं होतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. विजेची कात्री गाडीत होती, क्षणात काम झालं असतं. त्यांनी हातकात्रीच घेतली. एकेक काडी डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर तिरकी कापली, सावकाश, आवाज कमीत कमी होईल अशी. जमिनीवर फांद्यांचा ढीग पडला. तो कंपनीच्या यंत्रात घालून त्याचा भुगा करायचा, असा नियम होता. सगळा ढीग त्यांनी गाडीत भरला, आणि वरच्या चार फांद्या बाजूला काढून आपल्या सीटमागे ठेवल्या. का, ते त्यांना धड सांगता आलं नसतं.

“हे काय सरपण आणलंत?” बायकोने दारातच विचारलं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. जन्मभर लोकांच्या अंगणात राबलेल्या या माणसाच्या घरात एक कुंडी नव्हती. घरी तरी मातीचे हात नकोत, असं बायकोचं म्हणणं होतं, आणि तेवढ्या एका बाबतीत पणभाऊंनी कधी वाद घातला नव्हता.

“राहू दे बादलीत,” ते म्हणाले.

“अहो, धुण्याची बादली आहे ती.”

“राहू दे गं.”

आवाज ऐकून बायकोने बादली खिडकीखाली नेऊन ठेवली.  बायको रोज ती ओलांडताना पुटपुटायची, आणि रोज त्यातलं पाणीही तीच बदलायची. पणभाऊ कामावर जात, सुपरवायझरची बोलणी खात, चेंडू करत. तोंडाने पुन्हा ‘पण’ सुरू झाला होता, पूर्वीसारखाच जोरात. बाहेर थंडी होती. घरात स्वयंपाकाची ऊब होती, आणि बादलीतल्या काड्यांना थंडी सरली असंच वाटलं.

एका सकाळी बायकोने त्यांना हलवलं. “अहो, उठा ना. उमललं बघा.”

पणभाऊ ताडकन उठून बसले. काडीच्या टोकाला एक पांढरं फूल उघडलं होतं. त्याच्या शेजारचं अर्धं. खोलीभर वास भरून राहिला होता. बायको बादलीपाशी उकिडवी बसून वास घेत होती. तिच्या घरातलं हे पहिलं झाड, आणि ते धुण्याच्या बादलीत.

सवयीने त्यांचा हात उशाच्या फोनकडे गेला. नंबर अजून तसाच होता, ‘घड्याळवाले’ म्हणून.

“करा की घड्याळवाल्यांच्या बाईंना फोन,” बायको म्हणाली. “बरं वाटेल त्यांना.”

पणभाऊंनी फोन पालथा ठेवला. “नको,” ते म्हणाले. नुसतं ‘नको’, मागेपुढे काही नाही. बायकोने चमकून वर पाहिलं.

बाईंचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. इथला वास तिथवर कुठून पोचणार? तरी पणभाऊ उठले, आणि त्यांनी हळूच, कडीचा आवाज न करता, खिडकी लावून घेतली.