कोपऱ्यातला बारावा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला माणूस आधी आमच्या आयोवातल्या स्वयंपाकघरात येतो. येतो कसला, लोटांगण घालत येतो! पक्षाचा उमेदवार कोण, यावर अख्ख्या देशात पहिला कौल आमचा, आणि इथं जो आपटला त्याला पुढं कुणी दारात उभं करत नाही. देणगी देणारे फोनसुद्धा उचलत नाहीत. म्हणून वर्षभर ही मंडळी मुलगी बघायला आल्यासारखी येतात, केक खातात, "वा, कुणी केला?" म्हणून विचारतात. कौल लागला की गरज सरो नि वैद्य मरो.

आर्लिस टाडनच्या स्वयंपाकघरात सिनेटर ऑर्डवे आले ते मक्याची काढणी चालू असताना. आर्लिस सत्तरीला आलेली, विधवा, शब्दाला पक्की म्हणून गावात मान असलेली बाई. तिनं कॉफी दिली आणि न विचारताच डेल्मरचं सांगितलं. डेल्मर तिचा नवरा. गावातलं हॉस्पिटल बंद झालं आणि त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात भर दुपारी त्याच्या छातीत कळ आली. वेंडेल क्रोग ॲम्ब्युलन्स घेऊन हाकेसरशी आला. पण हमरस्ता बर्फाच्या ढिगांनी बंद झालेला. वेंडेलनं गाडी वळवली, खडीच्या रस्त्यानं लांबचा वळसा घातला आणि शेजारच्या काउंटीतलं हॉस्पिटल दिसायच्या आत डेल्मर गेला.

सिनेटरांनी तिचा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी खोटं नव्हतं, हे आर्लिस आजही शपथेवर सांगेल. "अशी बंद पडलेली हॉस्पिटलं मी पहिल्या वर्षात उघडीन," ते म्हणाले. त्या दिवसापासून आर्लिसनं स्वतःला त्या माणसाच्या कामाला वाहून घेतलं. डेल्मर परत येणार नव्हता, पण गावात पुन्हा हॉस्पिटल उभं राहिलं तर त्याच्या मरणाला काही अर्थ राहील, असं तिनं मनाशी धरलं होतं.

सिनेटर तिची गोष्ट गावोगाव सांगू लागले. सांगता सांगता गोष्टीला पाय फुटले. आधी ॲम्ब्युलन्सला 'उशीर झाला'. मग ती 'वाट शोधत राहिली'. डिसेंबरातल्या मोठ्या सभेत आर्लिस त्यांच्या शेजारीच मंचावर बसली होती, तेव्हा ते आवाज चढवून म्हणाले, "आणि ती ॲम्ब्युलन्स शेतांमध्ये रस्ता चुकून भटकत राहिली, आणि इकडे या बाईंचा नवरा प्राण सोडत होता!" लोक उभे राहिले, टाळ्या पडल्या. आर्लिसनंही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या कचेरीत फोन केला. "अहो, तो रस्ता चुकला नव्हता हो. रस्ताच बंद होता."

"सांगते मी त्यांना," पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली. "पण असं सांगितलं की लोकांच्या काळजाला भिडतं ना!"

आर्लिसनं पुन्हा फोन केला नाही. एकदा हॉस्पिटल होऊ दे, मग सगळं निस्तरता येईल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पण सभा टीव्हीवर दिसली होती, आणि आमचं गाव म्हणजे काय विचारता! पन्नाशी उलटलेला वेंडेल, हार्डवेअरचं दुकान सांभाळून वर्षानुवर्षं फुकट ॲम्ब्युलन्स चालवणारा मुखदुर्बळ माणूस. सकाळी धान्याच्या गोदामाशी कॉफी प्यायला गेला की तिथं रोज बसणारा रॉली तोंड सोडायचा. "काय रे वेंडेल, आज नीट पोचलास ना? का मुलानं यायला हवं होतं तुला आणायला?" सगळे हसायचे. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, असं नंतर सगळेच म्हणाले. मेला रॉली, जीभ आवरली असती तर काय बिघडलं असतं? ख्रिसमसनंतर वेंडेलनं ॲम्ब्युलन्सची किल्ली नगरपालिकेत नेऊन ठेवली. त्याच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही.

कौलाच्या दिवशी दुपारी खुद्द सिनेटरांचा फोन आला. आवाज बसलेला. "आर्लिस, आज माझा सगळा भार तुमच्यावर आहे. इथं मी पडलो तर संपलो."

"आणि हॉस्पिटल?"

"पहिल्या वर्षात. शब्द दिलाय ना?"

वेंडेलचं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बसलेल्या आवाजाच्या माणसाला आज कुठं बोलायचं, असं म्हणून तिनं ते गिळलं आणि शुभेच्छा देऊन फोन ठेवला.

आमच्याकडे हा कौल म्हणजे पेटीत गुपचूप चिठ्ठी टाकणं नव्हे. संध्याकाळी पक्षाची माणसं शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये जमतात आणि ज्याचा उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. शेजारी शेजाऱ्याला बघतो, सून सासूला बघते. ज्या कोपऱ्यात ठरलेल्याहून कमी डोकी, तो कोपरा बाद. मग त्यांनी दुसरीकडून माणूस ओढून आणायचा, नाहीतर दुसऱ्याच्या कोपऱ्यात जायचं. त्या संध्याकाळी हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. कोपरा टिकवायला बारा लागत होती. ऑर्डवेंच्या कोपऱ्यात आर्लिस धरून अकरा.

"एक कमी आहे हं आर्लिस," मोजणी करणारी ग्लेनिस म्हणाली. ती आर्लिसची शाळेपासूनची मैत्रीण. "कॉफी गार व्हायच्या आत आण कुणाला तरी."

आर्लिसनं हॉलभर नजर फिरवली. बाकीचे कोपरे गच्च भरलेले, हलायला कुणी तयार नाही. मधोमध 'अजून ठरलं नाही' म्हणणारे तिघंचौघं उभे होते. त्यांतले दोघं तिच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेले, एक म्हातारा कोट चढवून घरी निघाला. राहिला वेंडेल.

ती त्याच्याकडे चालत गेली. वर्तमानपत्राची बाई वही घेऊन मागोमाग आली, कुणीतरी कॅमेरा रोखला.

"वेंडेल, येतोस का रे आमच्यात? हॉस्पिटलसाठी."

"हॉस्पिटल मलाही हवंय," वेंडेल म्हणाला. "सून पोटुशी आहे माझी. पुढच्याच महिन्यात दिवस भरतात तिचे."

"मग ये की!"

"जपून गं आर्लिस!" पलीकडच्या कोपऱ्यातून रॉली ओरडला. "तुमच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला तास घेईल तो!"

हॉल खो-खो हसला. वेंडेलचा मुलगाही तिथंच होता, दुसऱ्या कोपऱ्यात. तो खाली बघत होता. आर्लिसच्या तोंडावरही हसू आलं, कसनुसं, लोक हसतात म्हणून येतं तसलं. आलं ते आलंच.

वेंडेलनं ते पाहिलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "आर्लिस, मी रस्ता चुकलो होतो का?" तो हळूच म्हणाला. "तू गाडीत होतीस. एवढंच सांग. जरा मोठ्यानं सांग."

वहीवालीचं पेन थांबलं होतं. हे आत्ता बोललं तर उद्याच्या पेपरात सिनेटर खोटारडे ठरतील. कोपरा बाद, उमेदवार बाद, हॉस्पिटल बाद. आर्लिसच्या डोक्यात एवढंच गरगरत होतं. डेल्मरचा हात धरून गाडीत बसलेली ती, समोर काचेपलीकडे पांढरी भिंत, आणि वेंडेलचा आवाज, "धीर धर आर्लिस, दुसरा रस्ता मला माहीत आहे." सगळं आठवत होतं तिला, शब्दन् शब्द.

"ते आत्ता नको रे," ती म्हणाली. "नंतर बोलू. आत्ता ये."

वेंडेलनं टोपी डोक्यावर घातली आणि तो चालत जाऊन ऑर्डवेंच्या कोपऱ्यात उभा राहिला.

"पोचला बाबा एकदाचा!" रॉली ओरडला, आणि पुन्हा हशा पिकला. ग्लेनिसनं बारा मोजले. कोपरा टिकला. बाकीच्या दहा जणांनी टाळ्या वाजवल्या, आर्लिसला मिठ्या मारल्या. वेंडेलनं नाव लिहून दिलं आणि बाहेर पडला.

राज्यभरातून आकडे आले तेव्हा ऑर्डवे पाचवे होते. आमच्या हॉलमधला तो कोपरा टिकला काय नि बुडाला काय, त्यांना त्यानं तसूभर फरक पडला नाही. आठवडा संपायच्या आत त्यांनी माघार घेतली. आर्लिसनं टीव्हीवर ते निरोपाचं भाषण ऐकलं. त्यांनी बायकोचे आभार मानले, मुलांचे मानले, आणि शेवटी म्हणाले की आयोवातल्या एका बाईंना मी कधी विसरणार नाही, ज्यांच्या नवऱ्याची ॲम्ब्युलन्स रस्ता चुकली. डोळे पुसले आणि गेले. त्यांच्या कचेरीचा फोन तिनं लावून पाहिला. तो नंबरच बंद झाला होता.

त्या रात्री ती भरलेलं ताट तसंच ठेवून उठली. आपल्या माणसाच्या मरणाचं आपण भांडवल करू दिलं, आणि ज्यानं त्याला वाचवायला जिवाचं रान केलं त्याला त्यात विकलं. विकून पदरात काय पडलं? एक कोपरा! तिला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी काढून वेंडेलकडे गेली. तो दारातला बर्फ फावड्यानं उपसत होता. सून खिडकीत दिसली, पोटावर हात ठेवून उभी. तिनं आर्लिसला पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

"वेंडेल," आर्लिस गाडीतून उतरताच म्हणाली. दम लागला होता तिला. "तू रस्ता चुकला नव्हतास. तुझ्यासारखं कुणी गाडी चालवलीच नसती त्या दिवशी. मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

वेंडेलनं फावडं बर्फात रोवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना.

"मी चुकलो नव्हतो हे मला ठाऊकच आहे, आर्लिस," तो म्हणाला. "ज्यांना ठाऊक नव्हतं, ते सगळे त्या संध्याकाळी हॉलमध्ये होते."

मग त्यानं फावडं उचललं आणि तिची गाडी मागं घ्यायला जागा व्हावी म्हणून चाकांमागचा बर्फ उपसू लागला.