जगनने दिलेलं रक्त

छप्पन्नच्या जानेवारीत लालबागला गोळीबार झाला तेव्हा मी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात नव्हते. हे आधीच सांगते, कारण आमच्या चाळीने मला फुकटात वीरांगना करून टाकलंय. मी रॉकेल आणायला गेले होते आणि गोळी मांडीत घुसली.

रक्त फार गेलं. इस्पितळात आमचे मालक बाही वर करून उभे राहिले. जगन त्यांचं नाव. तोंडाने कधी घेत नाही, इथे एकदाच घेते. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवतात. गट जुळला, त्यांच्या रक्ताची बाटली मला चढली आणि पुढच्या आठवड्यात मी घरी आले.

तेव्हापासून पाहुणा येवो नाहीतर नळावर कुणी भेटो, ह्यांचं एकच. "आमची गुणवंती माझ्या रक्तावर उभी आहे." मी चिडले की म्हणायचे, "माझंच रक्त तापलंय, मी कशाला घाबरू?" मी वरून डाफरायचे, आतून सुखावायचे. खोटं कशाला बोलू.

सत्तावन्नमध्ये मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी हळद लावल्यासारखा पिवळा पडला, चौथ्या दिवशी गेला. अठ्ठावन्नच्या शेवटी मुलगी पोटातच गेली. माझी सासू सखुबाई. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर तिने स्वतःच्या हाताने देव शिवडीच्या खाडीत सोडले होते. आता ती दिवसभर खाडीच्या दिशेला तोंड करून बसायची आणि मला ऐकू येईल इतपत हळू म्हणायची, "हिच्या कुशीतच खोट आहे."

तिसऱ्या खेपेला सातवा लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि मला एकटीला बसवून सांगितलं. ह्यांच्या रक्तात एक खूण आहे, माझ्या रक्तात ती नाही. गट जुळला तरी ही खूण निराळी. तेव्हाच्या धावपळीत ती कुणी पाहिली नाही.

"पहिल्यांदा ते रक्त आलं तेव्हा तुझ्या शरीराला ते परकं म्हणून ओळखायलाच कित्येक आठवडे लागले," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर मारा करणारं द्रव्य बनलं ते थोडंसं, कच्चं. तुला कळलंही नाही. पण शरीराने खूण लक्षात ठेवली. मग मूल राहिलं, बापाची खूण घेऊन. त्याचं थेंबभर रक्त तुझ्यात आलं. ह्या वेळी शरीर थांबलं नाही. चार-पाच दिवसांत तेच द्रव्य, कितीतरी पट जास्त, पक्कं, आणि नाळेतून सरळ मुलात जाणारं. दर खेपेला ते वाढतच जातं."

मी दंडावरचा देवी टोचल्याचा वण दाखवला. "हे तसंच का?"

"तसंच. तिथे ही आठवण तुला वाचवते."

"मग शरीराला विसरायला लावा की."

"तसं औषध नाही, गुणवंती."

घरी आले तर सासूचं पुटपुटणं चालूच होतं. एका वाक्यात मी सुटले असते. खोट माझ्या कुशीत नाही, तुमच्या लेकाच्या बाटलीत आहे. अगदी जिभेवर आलं होतं. समोर हे पाळण्याची दोरी वळत बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि लगेच इतकी माया आली की मी गुपचूप तांदूळ निवडायला घेतले. त्यांनी मला जगवलं होतं, तेही खरंच होतं ना? ते काढून घेतलं तर त्या माणसाकडे काय उरणार होतं?

मे महिन्यात मुलगी झाली. महाराष्ट्र झाल्याचे कंदील अजून रस्त्यावर लटकत होते. खणखणीत रडली, आणि मला मेलीला आशा वाटली. दुसऱ्या सकाळी तिचे डोळे पिवळे झाले होते.

बाई म्हणाल्या, हिचं सगळं रक्त बदलायला हवं, खूण नसलेलं रक्त घालून. असं रक्त शंभरात चार-पाच जणांचं. सगळीकडे विचारलं होतं, बाटली कुठेच नव्हती.

"माझं घ्या," मी म्हटलं.

"तुझ्यातच तर ते द्रव्य भरलंय."

रक्ताचं बोलणं ऐकून हे दारातून आत आले. बाही खांद्यापर्यंत वर. "बाई, माझं घ्या. हिला दिलं होतं, आठवड्यात उभी राहिली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुमचं तिला जुळत नाही," मी म्हटलं.

"तुला जुळलं होतं की गं."

"हो. मला जुळलं होतं."

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. मुलगी चार वाजता गेली. मी सांगायला बाहेर आले तेव्हा त्यांची बाही अजून वरच होती.